आकडा

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. शाळेला सुटी लागली होती. सकाळी सातच्या सुमारास ओट्यावर चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे माझा बालमित्र होता. तो अमेरिकेत जॉर्जिया राज्यात असतो. त्याच्याकडे तेव्हा आदल्या दिवसाची रात्र होती. एरवी तो सणावारी फोन करतो. अवेळी आलेला फोन पाहून माझ्या मनात नाही नाही ते आले. पण सगळे सुखरूप होते. त्याला सल्ला हवा होता.

"मास्तर," तो म्हणाला, "पोराला आकडा विचारतायत. काय सांगू?"

आमच्याकडे 'आकडा' म्हटले की माणसाला मटकाच आठवतो. मी चपापून विचारले, "कसला आकडा?" मग त्याने जे सांगितले, त्याने माझी ती सुटी खाल्ली, आणि आज हा लेखही माझ्याकडून लिहवून घेतला.

या मित्राचा मुलगा अठरा वर्षांचा आहे. चांगला सहा फुटांवर गेला आहे आणि बेसबॉलमध्ये चेंडू फेकतो. असा फेकतो म्हणे, की फलंदाजाला तो दिसायच्या आत मागच्याच्या हातमोज्यात जाऊन बसतो. एका विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली होती, आणि मुलाने येतो म्हणून शब्दही दिला होता. अशातच एका धंदेवाईक क्लबाचा माणूस घरी आला. चहापाणी झाले, मुलाचे कौतुक झाले, आणि जाता जाता त्याने सौम्यपणे विचारले, "कॉलेज सोडून आमच्याकडे यायचे तर याचा आकडा किती?"

परकीयांच्या खेळात आपण कशाला डोके घालावे, असे वाचकांना वाटेल. मलाही तसेच वाटले. पण प्रश्न खेळाचा नव्हता. अठरा वर्षांच्या मुलापुढे दोन वाटा आहेत आणि त्यांतली एक सोडण्याची किंमत त्याने स्वतः सांगायची आहे. अशी वेळ आपल्याकडे घरोघर येते. फक्त किंमत कोणी तोंडाने विचारीत नाही.

तिकडची रीत थोडक्यात सांगतो. पूर्वी कोणताही क्लब कोणत्याही मुलाला पैसे देऊन उचलू शकत असे. १९६४ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या रिक रायकार्ट या खेळाडूला सुमारे दोन लाख डॉलर मिळाले, तेव्हा क्लबांचे डोळे पांढरे झाले. दुसऱ्याच वर्षी, १९६५ मध्ये, त्यांनी 'ड्राफ्ट' सुरू केला. क्लबांनी पाळीपाळीने मुलांची नावे घ्यायची. ज्याने नाव घेतले, त्या एकाशीच मुलाने सौदा करायचा. पहिले नाव रिक मंडे या कॉलेजच्या खेळाडूचे होते. त्याला लाखभर डॉलर मिळाले, म्हणजे आदल्या वर्षीच्या निम्मे. पद्धत का आणली, हे एवढ्यावरून समजावे. पूर्वी ४० फेऱ्या होत; २०२१ पासून २० होतात, त्याही जुलैत. आणि जुलै संपता संपता सहीची मुदत संपते.

आता यातली खरी गाठ पाहा. शाळा संपलेल्या मुलाचे नाव घेता येते. पण तो चार वर्षांच्या कॉलेजात एकदा गेला, की तीन वर्षे पुरी होईपर्यंत किंवा तो एकवीस वर्षांचा होईपर्यंत क्लबांना त्याचे नाव घेता येत नाही. म्हणून शाळा सुटल्यानंतरच्या त्या थोड्या आठवड्यांत मुलाच्या हाती एक शस्त्र असते: "नाही तर मी आपला कॉलेजला चाललो." क्लबाला एकाच मुलाशी बोलायचे असते, मुलालाही एकाच क्लबाशी. अशा बाजारात ज्याच्यापाशी दुसरी वाट आहे, त्याचाच काय तो थोडाफार भाव. ती दुसरी वाट म्हणजे कॉलेज.

इथेच मला पहिली ठेच लागली. ज्या मुलाला खरोखर शिकायचे आहे तोही म्हणतो, "मी कॉलेजला जाणार." ज्याला फक्त रक्कम वाढवून हवी आहे तोही तेच म्हणतो. शब्द एक, उच्चार एक. आतला हेतू तेवढा वेगळा. कधी कधी तर बोलणाऱ्यालाही आपला हेतू ठाऊक नसतो. १९९० साली टॉड व्हॅन पॉपेल नावाच्या टेक्सासच्या मुलाने आपण विद्यापीठातच जाणार असे सांगितले. पहिले नाव घेण्याचा मान असलेल्या अटलांटाच्या क्लबाने त्याला वगळून चिपर जोन्स या मुलाला घेतले. मग ओकलंडच्या क्लबाने चौदाव्या पाळीला व्हॅन पॉपेलचे नाव घेतले आणि त्याने सही केली. तो आधी खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. मन बदलते. पण मन बदलण्याला भाव फुटला, की ते कशाने बदलले हे सांगणे कठीण होऊन बसते.

मित्राने मला अशी नावे भराभर सांगितली. दोन महिने तो हाच अभ्यास करीत होता. गेरिट कोल २००८ साली शाळेतून निघाला. लहानपणापासून ज्या न्यूयॉर्कच्या यँकीज क्लबाचा तो भक्त होता, त्याच क्लबाने त्याचे नाव घेतले. तो नाही म्हणाला आणि लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात गेला. तीन वर्षांनी, २०११ मध्ये, साऱ्या देशात पहिले नाव त्याचे निघाले आणि सहीचे ८० लाख डॉलर मिळाले. पुढे २०१९ च्या अखेरीस त्याच यँकीजनी त्याच्याशी ३२ कोटी ४० लाख डॉलरांचा नऊ वर्षांचा करार केला. "बघ," मित्र म्हणाला, "थांबला, जिंकला."

"आणि दुसरा?" मी विचारले. दुसरा असणारच, हे मास्तरकीत कळते.

दुसरा ब्रायन टेलर. नॉर्थ कॅरोलिनातला, गरीब घरचा. १९९१ साली पहिले नाव त्याचे. त्याच्या आईने हट्ट धरला, की रास्त रक्कम मिळत नसेल तर पोरगा कॉलेजला जाईल. कॉलेजचे दार उघडेच होते. शेवटी क्लब नमला. साडेपंधरा लाख डॉलर मिळाले. १९९३ च्या डिसेंबरात भावाच्या भांडणात तो मध्ये पडला आणि त्याचा खांदा गेला. मेजर लीगच्या मैदानावर तो एकदाही उतरला नाही. त्याने कॉलेजची वाट धरली असती आणि खांदा तसाच गेला असता, तर त्या घराला ते साडेपंधरा लाखही दिसले नसते. मग आई शहाणी की अविचारी?

तिसरा मार्क अपेल. २०१२ मध्ये त्याने ३८ लाख डॉलर नाकारले आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे शेवटचे वर्ष पुरे केले. २०१३ मध्ये त्याचे नाव पहिले निघाले; साडेत्रेसष्ट लाख मिळाले. लोकांनी त्याच्या धीराची वाखाणणी केली. पुढे त्याला खेळ साधेना. २०१८ मध्ये त्याने खेळ सोडला, २०२१ मध्ये तो परत आला, आणि २०२२ च्या जूनमध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो पहिल्यांदा मेजर लीगच्या मैदानावर उभा राहिला. ही गोष्ट यशाची म्हणावी की अपयशाची? मला तर ती चिकाटीची वाटते; आणि चिकाटी कोणत्याही कराराच्या कागदावर लिहिलेली नसते.

मित्राला सर्वांत जवळचा वाटत होता तो कुमार रॉकर, कारण त्याचे आजोळ भारतीय. २०१८ मध्ये त्याचे नाव निघाले ते थेट ३८ व्या फेरीत; कॉलेजलाच जाणार हे सगळ्यांना कळून चुकले होते. तो व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेला आणि पहिल्याच वर्षी देशभर गाजला. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्स क्लबाने दहाव्या पाळीला त्याचे नाव घेतले. पण वैद्यकीय तपासणीनंतर करारच झाला नाही. एका वर्षाने टेक्सासच्या क्लबाने त्याला तिसऱ्या पाळीला घेतले आणि ५२ लाख डॉलर दिले. २०२४ च्या सप्टेंबरात तो मेजर लीगमध्ये उतरला.

ही सारी उदाहरणे ऐकून झाल्यावर मी मित्राला म्हणालो, "अरे, तू निर्णयाचा पुरावा फळात शोधतो आहेस. तो तिथे नसतो."

आम्ही दोघे शेतकऱ्याची पोरे. मृगाचा पाऊस बरा पडला, वाफसा आला, म्हणून पेरणी केली. पुढे पावसाने महिनाभर दडी मारली आणि दुबार पेरणीची पाळी आली. पहिली पेरणी चुकली असे गावात सगळे म्हणतात. पण पेरणाऱ्याने त्या दिवशी आभाळाकडे नीट पाहिले होते की नाही, एवढाच प्रश्न विचारण्यासारखा असतो. फळावरून निर्णयाची परीक्षा करणारा माणूस खरे तर दैवाची परीक्षा करीत असतो. आपण एकाला दूरदृष्टीचा म्हणतो आणि दुसऱ्याला घायकुता. दोघांनी पाहिलेले आभाळ कदाचित एकच असते.

मग निर्णय पारखायचा कशावर? आपल्याकडे याचे एक तयार उत्तर आहे. कठोपनिषदात श्रेय आणि प्रेय असा भेद केला आहे. यमाने देऊ केलेली संपत्ती नचिकेत्याने नाकारली. मित्राने तेच बोलून दाखवले: "शिक्षण ते श्रेय, पैसा ते प्रेय. सरळ आहे." मला ते तितके सरळ वाटेना. हा माझा मित्र अभियंता झाला तो ज्ञानाच्या ओढीने नव्हे. अभियंत्याला नोकरी लागते म्हणून झाला. त्यात गैर काही नाही. पण जे शिक्षण आपण स्वतः नोकरीचा जिना म्हणून वापरले, त्याला मुलाच्या वेळी एकदम देव्हाऱ्यात बसवायचे, हे काही खरे नव्हे. उलट त्या मुलाला चेंडू फेकण्यात जो आनंद होतो, तो आम्हा दोघांना वर्गात कधीच झाला नव्हता. त्याचे श्रेय मैदानावरच असले तर? आणि कॉलेज हे केवळ तीन वर्षांनी जास्त भाव मिळवण्याचे साधन असले, तर तेही प्रेयच की!

दुसरा विचार दारांचा. बापाला वाटते, मुलाची सारी दारे उघडी राहावीत. पण कोणते दार खरोखर बंद होते? क्लबात गेलेला मुलगा पुन्हा कॉलेजच्या संघातून बेसबॉल खेळू शकत नाही. पण वर्गात बसू शकतो. क्लब करारात पुढच्या शिक्षणाचा खर्चही लिहून देतात. अट अशी, की खेळ सुटल्यावर दोन वर्षांच्या आत शिकायला लागले पाहिजे. म्हणजे वर्ग थांबतो, दंड थांबत नाही. हिशेबाने पाहिले तर आधी खेळावे, मग शिकावे. अर्थात क्लबात गेला म्हणजे लगेच वैभव, असेही नाही. मोठी रक्कम वरच्या थोड्यांना मिळते. बाकीच्यांनी खालच्या लीगमध्ये वर्षानुवर्षे बसने गावोगाव हिंडायचे. तिथल्या एका खालच्या पायरीवर २०२२ पर्यंत वर्षाला किमान वेतन ११ हजार डॉलर होते. खेळाडूंनी संघटना केली, तेव्हा कुठे २०२३ मध्ये ते २६,२०० झाले.

पण 'वर्ग थांबतो' या वाक्यापाशी मी अडखळलो. कारण त्याची प्रचीती मी घेतली आहे.

१९९६ साली आम्ही दोघे मॅट्रिक झालो. सरकारी कागदावर ती एस. एस. सी.; पण माझ्या वडिलांच्या तोंडी मॅट्रिकच होती. मित्र कराडला कॉलेजात गेला. मी ड्रॉइंगची इंटरमीजिएट परीक्षा दिली होती; त्या जोरावर जवळच्या एका शाळेत तासांवर मास्तर म्हणून लागलो. महिना सहाशे रुपये. वडील अंथरुणाला खिळले होते, धाकटी बहीण शिकत होती. पुढे कायम झालो, कादंबऱ्या लिहिल्या, चार लोक ओळखू लागले. तिशीत मुक्त विद्यापीठात नाव घातले. पुस्तकांचा गठ्ठा टपालाने आला. ती मी वाचलीही; पण परीक्षेला बसलो नाही. ज्या मुलांना दिवसा शिकवायचे, त्यांच्याच मोठ्या भावांच्या शेजारी बसून पेपर लिहायचा, हे मला जमले नाही. पुस्तके आली होती, पण त्यांच्याबरोबर अठरावे वर्ष आले नव्हते. खोलीवरचे मित्र, वाचनालयातल्या रात्री, आपल्याहून हुशार माणसाशी घातलेला वाद, हे गठ्ठ्यात बांधून येत नाही. तेव्हा वर्ग थांबतो हे खरे, पण तो थांबलेला वर्ग तोच नसतो.

हे मी मित्राला सांगितले. तो गहिवरून म्हणाला, "म्हणून तर तुला विचारलं. तू घरासाठी कॉलेज सोडलंस. सोडणं म्हणजे काय ते तुला ठाऊक."

इथे मला गप्प राहता आले असते. इतकी वर्षे मी गप्पच राहिलो होतो. पण एक बाप माझ्या त्या कहाणीवर भार टाकून आपल्या मुलाचे आयुष्य तोलू पाहत होता. मी म्हणालो, "थांब. मी घरासाठी कॉलेज सोडलं, हे अर्धं खरं आहे. त्या वर्षी मामा घरी आले होते. दोन वर्षांचा खर्च मी बघतो, माझ्याकडे राहा, म्हणाले. मीच नको म्हणालो. मला इंग्रजीची भीती वाटत होती. शहरातल्या पोरांच्या वर्गात आपण खुळे ठरू, असं वाटत होतं. वडिलांच्या आजारानं मला लपायला जागा दिली. सहाशे रुपयांना मी माझी भीती झाकून घेतली."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, "हे तू कधी बोलला नाहीस."

"कुणी आकडा विचारला नाही," मी म्हणालो.

त्या क्षणी मला जे कळले तेच या लेखाचे सार आहे. वाट कोणती निवडली, याहून ती कोणत्या कारणाने निवडली हे आपण स्वतःशी खरे बोललो की नाही, याला अधिक मोल आहे. मी नोकरी धरली यात माझी चूक नव्हती. कदाचित तीच वाट माझी होती. चूक ही, की भीतीला मी त्यागाचे नाव दिले आणि पंचवीस-तीस वर्षे त्यागाचा मान खाल्ला. त्यामुळे मला धड पश्चात्तापही करता आला नाही. ज्याने त्याग केला तो पश्चात्ताप कशाचा करणार? खोट्या कारणाने निवडलेली वाट पुढे सुखाची निघाली तरी पायाखाली कुरकुरत राहते.

म्हणून मी मित्राला दोनच गोष्टी सांगितल्या. एक: आकडा ठरवण्याआधी मुलाला विचार, की दंड विसाव्या वर्षी गेला असे धर, मग मागे वळून पाहताना कोणते गेलेले वर्ष तुला आपले वाटेल, बसमधले की वसतिगृहातले? दुसरी: कॉलेजचे नाव धमकी म्हणून घेऊ नकोस. त्या विद्यापीठाने त्याची जागा धरून ठेवली आहे. पूर्वी संघाला सगळ्या मिळून ११.७ शिष्यवृत्त्या वाटता येत. २०२५ पासून नवी व्यवस्था स्वीकारलेल्या विद्यापीठांत ती मर्यादा गेली, पण संघात ३४ च मुले ठेवता येतात. म्हणजे त्याच्या जागेवर दुसरे कोणाचे तरी पोर येऊ शकले असते. मुलाचे मन खरेच बदलले तर त्याने तसे सांगावे. पण न जाणाऱ्याने येतो म्हणू नये.

हेही कबूल केले पाहिजे, की असा विचार करीत बसण्याची सवड ही एक चैन आहे. डॉमिनिकन प्रजासत्ताकातला मुलगा या ड्राफ्टमध्ये येतच नाही. तो सोळाव्या वर्षी क्लबाशी करार करू शकतो, आणि त्याला सहसा कोणी कॉलेजचे विचारीत नाही. ब्रायन टेलरच्या आईने कॉलेजचे शस्त्र उगारले, ते तिच्यापाशी दुसरे शस्त्र नव्हते म्हणून. तिला मी खोटेपणाचा दोष देणार नाही. ज्याच्या घरात पुरेसे आहे, त्याच्यावर खरे बोलण्याची जबाबदारी अधिक आहे. माझ्या मित्राच्या घरात पुरेसे आहे.

जून गेला. २०२५ च्या जुलैत ड्राफ्ट झाला. त्याआधी तो क्लबाचा माणूस पुन्हा आला, तेव्हा बापाने तोंड उघडण्याआधी मुलगाच बोलला. तो म्हणाला, "मला अजून ठरवता आलेले नाही. कॉलेजला जावेसे वाटते, पण खात्री नाही. आकडा सांगितला तर तो मी उगाच सांगितलेला असेल." त्या माणसाने वहीत काहीतरी लिहिले आणि हात मिळवून निघून गेला. वीस फेऱ्या झाल्या. मुलाचे नाव निघाले नाही.

ऑगस्टमध्ये तो विद्यापीठात गेला. आता तीन वर्षे, किंवा एकवीस पुरी होईपर्यंत, त्याला कोणी आकडा विचारणार नाही. मित्राचा मध्यंतरी फोन आला. पहिल्याच चाचणीत गणितात पोराची दांडी गुल झाली आहे, आणि खोलीवरच्या मुलाच्या घोरण्याची तो तक्रार करतो. मग जरा घुटमळून मित्राने विचारले, "मास्तर, तो खरं बोलला म्हणून नुकसान झालं का रे?"

झाले असेल. एखादा फुगवलेला आकडा ठासून सांगितला असता, तर कोणी तो दिलाही असता. त्या रकमेचा हिशेब मी मांडू शकत नाही, आणि ती काहीच नव्हती असे म्हणण्याइतका मी श्रीमंतही नाही. मी एवढेच म्हणालो, "झालं असेल तर ते त्याला ठाऊक आहे. कशाच्या बदल्यात झालं, हेही ठाऊक आहे. मला माझं ठाऊक व्हायला पंचेचाळिसावं वर्ष उजाडावं लागलं."

फोन ठेवला. सुटीचा दिवस होता. मामा आता थकले आहेत, कराडला असतात. तीस वर्षांपूर्वी त्यांना मी दिलेल्या नकाराचे कारण त्यांनी कधी विचारले नव्हते. दुपारच्या एस. टी. ने जाऊन ते त्यांना सांगून आलो.